ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह ठिबकतोय: सील बदलायचे की अख्खा व्हॉल्व्ह?

चाकावरचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. ट्रॅव्हल ट्रेलर २६ फुटी, सात हंगाम वापरलेला. मुक्काम ओहायोत. ब्लॅक टँक (संडासाचा) ४० गॅलनचा, ग्रे टँकही (सिंक-शॉवरच्या पाण्याचा) तेवढाच. दोन्ही टँक एकाच तीन इंची तोंडातून रिकामे होतात. ब्लॅकचा व्हॉल्व्ह तीन इंची, ग्रेचा दीड इंची, दोन्ही ओढायच्या मुठीचे, केबलवाले नाहीत.

डंप स्टेशनवर (टँक रिकामे करायच्या जागी) बाहेरचं झाकण उघडलं की अर्धा लिटरभर घाण पाणी आधीच पाइपात येऊन बसलेलं असतं, आणि ते सरळ पायावर. मुठी दोन्ही पूर्ण आत ढकललेल्या असतात. पाइप बाहेरून कोरडा दिसतो.

तीन प्रश्न: गळणारा व्हॉल्व्ह कुठला हे खोलल्याशिवाय कळेल का? नुसते सील बदलून भागेल की पूर्ण व्हॉल्व्ह घ्यावा? आणि तोंडावर लावायचा ट्विस्ट-ऑन व्हॉल्व्ह मिळतो, त्यावर निभावेल का? ट्रेलरच्या पोटाला कोरोप्लास्टचं (पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्याचं) आवरण आहे. व्हॉल्व्हच्या मुठी तेवढ्या बाहेर आहेत, बाकी सगळं आत.

---

पाना_पक्कड

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासा: ही गळती आहे की मागच्या वेळचं उरलेलं पाणी? तीन इंची पाइपात एक फूट लांबीला साधारण १.४ लिटर मावतं. त्या पाइपाला उतार नीट नसेल तर डंप केल्यावरही अर्धा लिटर आतच राहतं आणि पुढच्या वेळी झाकण काढलं की तेच पायावर येतं. म्हणून डंप झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, तोंडाच्या विरुद्ध बाजूचं चाक लाकडी फळीवर चढवून पाइप पूर्ण निथळू द्या, आतून फडक्याने पुसा आणि मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी उघडून पाहा. कोरडं असेल तर व्हॉल्व्ह ठीक आहे, पाइपाचा पट्टा सैल होऊन पाइप मध्येच झोळ खातोय.

ओलं निघालं तर रंगाची चाचणी. दोन्ही टँक रिकामे करून धुवून घ्या. ग्रे टँकमध्ये दहा-पंधरा गॅलन साधं पाणी सोडा, रंग घालू नका. ब्लॅकमध्ये तेवढंच पाणी आणि खायचा लाल रंग, एक छोटी बाटली. निळा रंग नको, कारण टँकमध्ये टाकायची बरीचशी रसायनं निळीच असतात, मग जुनं काय नि नवं काय ते कळत नाही. तोंड पुसून कोरडं करा, झाकण न लावता खाली पांढरं तसराळं ठेवा. तीन-चार तासांत निकाल हातात. हळद मात्र घालू नका (हे सुचणार, मला ठाऊक आहे). ती पाण्यात विरघळत नाही, टँकच्या तळाला जाऊन बसते आणि सील पिवळे होतात ते वेगळंच.

आता पाणी नेमकं कुठून येतंय त्यावर सगळं ठरतं. गेट व्हॉल्व्ह म्हणजे मधे प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यात सरकणारं पातं, सांगाड्याच्या दोन्ही अंगांना एकेक रबरी सील, आणि त्या सीलना दाबून धरणारे पाइपाला चिकटवलेले दोन फ्लँज. हे सगळं चार बोल्टांनी आवळलेलं असतं. गळायच्या जागा तीनच:

पात्यावरून गळत असेल तर पाणी तोंडातूनच येतं, बाहेर थेंबही दिसत नाही. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं.

फ्लँज आणि सांगाड्याच्या सांध्यातून गळत असेल तर व्हॉल्व्हखाली कोरोप्लास्ट ओला होतो, फुगतो, वास येतो. बोल्ट सैल झालेत किंवा सील चेपलाय.

मुठीच्या दांडीतून गळत असेल तर बहुधा फक्त डंप करतानाच ओघळ येतो. त्याचं कारण साधं आहे. व्हॉल्व्ह उघडला की पातं बाजूच्या कप्प्यात जातं, तेव्हाच पाण्याला त्या कप्प्यात शिरायला वाट मिळते. तिथून दांडीभोवतीचा सील झिजलेला असला की पाणी बाहेर. यात फ्लँजचे सील बदलून काडीचाही फरक पडत नाही, व्हॉल्व्हचा सांगाडाच बदलावा लागतो.

आणि पात्यावरून गळतंय म्हटलं की लोक लगेच सीलवर घसरतात. पण निम्म्याहून जास्त वेळा खरा गुन्हेगार असतो खाचेतला कागद. पातं बंद होताना त्याची कड समोरच्या खाचेत शिरते. त्या खाचेत टॉयलेट पेपरचा लगदा ठासून बसला की पातं शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरकतच नाही. मूठ आत गेल्यासारखी वाटते, पण तळाशी फट राहते. बंद करताना शेवटी ‘टक्’ असा कडक थांबा लागतो की मऊ, गादीवर दाबल्यासारखा, ते हाताला जाणवू द्या. मऊ लागला तर कचराच.

त्यावर आधी हे करा. टँक तीन चतुर्थांश भरेल एवढं कोमट पाणी आणि कपभर भांडी घासायचा द्रव साबण घाला. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक आणि सांधे दोन्ही नरम पडतात. मग ट्रेलर २०-३० मैल फिरवून आणा. एक ध्यानात ठेवा, ३० गॅलन पाण्याचं वजन २५० पौंड होतं, ते गाडीच्या हिशोबात धरा. डंप स्टेशनवर होज जोडून टँक सोडा, आणि पाणी जोरात वाहत असतानाच व्हॉल्व्ह आठ-दहा वेळा उघडबंद करा. वाहत्या पाण्यात पातं फिरलं तरच खाच धुऊन निघते. रिकाम्या टँकवर मूठ कितीही ओढा, लगदा आणखी आत ठासला जातो.

दोनदा हे करूनही लाल थेंब येत राहिले तर मग पाने काढा.

---

नेब्रास्काचा_नाना

एवढा उपद्व्याप कशाला? तोंडावर ट्विस्ट-ऑन व्हॉल्व्ह बसवा. जुन्या झाकणाच्याच दात्यांवर फिरवून बसतो, पाच मिनिटांचं काम, ना सरपटत खाली जायचं ना हात घाण करायचे. डंप करताना होज त्याला जोडायचा, मग तो उघडायचा. पायावर एक थेंब येत नाही.

---

पाना_पक्कड

नाना, हंगामाच्या मधे अडकलेल्याला मीही हेच सांगेन. पण तो पाहुणा आहे, जावई करून घेऊ नका. मागचा व्हॉल्व्ह गळतच राहतो, फक्त आता ते पाणी दोन व्हॉल्व्हच्या मधे साठतं. त्यात अडचणी दोन. एक, ब्लॅक गळत असेल तर पाइप भरून मैला ग्रेच्या व्हॉल्व्हला बाहेरून टेकतो. ग्रे टँक रिकामा आणि त्याचा व्हॉल्व्हही जरा ढिला असेल तर ते उलटं ग्रेमध्ये शिरतं, आणि ग्रेचा दुसरा शेवट म्हणजे शॉवरची मोरी. दोन, ओहायोच्या थंडीत मधलं पाणी गोठलं की ट्विस्ट-ऑनचा सांगाडा तडकतो, कधी कधी पाइपाचं तोंडही सोबत नेतो.

लावायचाच असेल तर त्यावर पाऊण इंची होज जोडता येईल असं छोटं तोंड असलेलं झाकण घ्या. मुख्य झाकण उघडण्याआधी त्या छोट्या तोंडातून मधलं पाणी बादलीत सावकाश काढता येतं. खरं तर हे झाकण प्रत्येकानेच ठेवावं, व्हॉल्व्ह गळो न गळो.

---

मोहरी_तडतडली

ग्रे टँकबद्दल थोडं, कारण आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये हा व्हॉल्व्ह जास्त छळतो आणि दोष मात्र ब्लॅकवर जातो.

दीड इंची व्हॉल्व्हची खाच अरुंद. आपल्या सिंकमधून काय काय जातं ते आठवा: मोहरी, जिरं, भाताची शितं, चहाचा चोथा, कढीपत्त्याच्या शिरा. मोहरीचा दाणा त्या खाचेत अगदी मापात बसतो आणि कागदासारखा विरघळतही नाही. वर फोडणीचं तेल आणि तूप थंड होऊन पात्यावर मेणासारखा थर देतात. अशा पात्याला मूठ जड जाते, लोक जोर लावतात, दांडी वाकते.

उपाय स्वस्त आहे. सिंकला बारीक जाळी, नेहमीच्या भोकांची नव्हे तर स्टीलची विणीची. कढई आधी पेपर टॉवेलने पुसायची, मग धुवायची. महिन्यातून एकदा ग्रे टँकमध्ये पाच-सहा गॅलन कोमट पाणी आणि तेल तोडणारा भांड्यांचा साबण घालून थोडा प्रवास, मग डंप. ब्लीच टाकू नका. सीलचं रबर कडक होतंच, आणि ब्लॅकमध्ये तर तो विषारी प्रकार आहे. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळला की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि तुम्ही त्याच वेळी संडासात वाकून बघत असता.

---

चाकावरचं_बिऱ्हाड

साबणाचा प्रयोग दोनदा झाला. मूठ हलकी चालते, थांबा कडक लागतो. रंगाच्या चाचणीत चार तासांत तसराळ्यात कपभर लाल पाणी. म्हणजे ब्लॅकच, आणि पात्यावरूनच. ग्रेचं पाणी रंगहीन ठेवलं होतं, आलेल्या पाण्याचा लाल रंग फिका झालेला नाही, म्हणून ग्रे सुटला असं धरतो.

आता कोरोप्लास्ट कसा उघडायचा आणि काय मागवायचं ते सांगा.

---

पोटाखालचा_कारागीर

कोरोप्लास्टचं मी सांगतो. आधी मुठीची दांडी कुठे आत शिरते ते बघा. व्हॉल्व्ह त्याच रेषेत, बहुतेक वेळा फूटभर आत असतो. आवरणाची कड जवळ असेल तर कापूच नका. चौकटीला मारलेले षटकोनी डोक्याचे स्क्रू एका बाजूने आठ-दहा काढा आणि पत्रा झोळीसारखा खाली सोडा. स्क्रूचं डोकं बहुधा १/४ किंवा ५/१६ इंची असतं, ड्रिलला तसा सॉकेट लावा. पत्रा सोडताना डोकं बाजूला ठेवा. आत साठलेलं पाणी असेल तर ते सगळं एकदम येतं. ओल दिसली तर आधी बारीक भोक पाडून निथळू द्या.

कड लांब असेल तरच कापा: तीन बाजू कापायच्या, चौथी बिजागरीसारखी ठेवायची. चाकूचं पातं कोरोप्लास्टच्या जाडीपेक्षा जेमतेम पुढे. वरच वायरी, गरम पाण्याची पेक्स नळी आणि काही ट्रेलरांत टँकला चिकटवलेले तापवायचे पॅड असतात. खिडकी हात-दोन हात मोकळी करा, दीड फूट बाय दीड फूट तरी. लहान खिडकीतून पाना फिरत नाही आणि मग बोल्टऐवजी फ्लँज तुटतो. परत लावताना तिन्ही कडांवर अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्क्रू. नुसती टेप पहिल्या पावसाळी हायवेवर फडफडायला लागते.

आणि चाकांना दोन्हीकडून अडण लावल्याशिवाय खाली शिरू नका. कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नाहीत.

---

पाना_पक्कड

सील की व्हॉल्व्ह, यावर माझं मत: खोललंच आहे तर दोन्ही. तीन इंची व्हॉल्व्ह सीलसकट मिळतो, आणि या कामात खरी किंमत तुमच्या पाठीची आहे. सात हंगाम वापरलेल्या पात्यावर वाळूचे ओरखडे असतातच. नखाने आडवं ओढून बघा, नख अडकलं तर त्या पात्यावर नवा सीलही गळणार. पातं आरशासारखं गुळगुळीत आणि दांडी कोरडी असेल तरच नुसत्या सीलवर थांबा.

मागवण्याआधी जुन्या व्हॉल्व्हवरचं नाव वाचा आणि बोल्टांच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. व्हॅल्टेरा, बार्कर वगैरेंचे व्हॉल्व्ह लांबून सारखे दिसतात, पण एकाचा सील दुसऱ्याच्या फ्लँजवर नीट बसेलच असं नाही. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घेतला तर फ्लँज तसेच ठेवता येतात, कापाकापी नाही. सोबत लागेल: सिलिकोन ग्रीसची छोटी डबी (नळकामाची), स्टेनलेसचे चार नवे बोल्ट-नट, ७/१६ इंची पाना आणि त्याच मापाचा सॉकेट, लाकडी पाचरी दोन, प्लॅस्टिकची खरवडणी, नायट्राइल हातमोजे दोन जोड, डोळ्यांना चष्मा, पसरट तसराळं, कचऱ्याच्या पिशव्या.

टँक डंप करून किमान तीनदा साध्या पाण्याने धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. टँकमध्ये आतला रिन्सर असेल तर तो चालू असताना ब्लॅक व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. बंद ठेवून विसरलात तर टँक भरून पाणी छतावरच्या व्हेंटमधून किंवा कमोडमधून बाहेर येतं. धुऊन झाल्यावर ट्रेलर असा उभा करा की व्हॉल्व्हची बाजू किंचित वर राहील. टँकच्या तळाला नेहमी थोडं पाणी उरतं, ते मग व्हॉल्व्हपासून दूर मागच्या कोपऱ्यात जातं. लोक नेमकं याच्या उलट करतात, पूर्ण निथळावं म्हणून, आणि बोल्ट सोडल्यावर अंघोळ होते.

जागेवर असतानाच दोन-तीन फोटो काढा: मूठ कुठल्या दिशेला, बोल्टाचं डोकं कुठल्या बाजूला. मग चारही नट सोडा. गंजून बसले असतील तर भेदक तेलाची फवारणी करत बसू नका, ते एबीएसवर (पाइपाच्या काळ्या प्लॅस्टिकवर) आणि सीलवर ओघळतं. हॅकसॉच्या पात्याने बोल्ट कापून टाका, नवे आहेतच.

बोल्ट निघाले तरी सांगाडा चिकटून राहतो. खरवडणी सांध्यात घालून हलकेच फिरवा, लाकडाच्या ठोकळ्याने टिचक्या मारा, सैल झाला की बाजूला ओढा. पहार घालू नका. टँकच्या बाजूचा फ्लँज ज्या तुकड्यावर आहे तो टँकला जोडलेला असतो. तो सांधा तडकला तर दुरुस्ती कितीतरी पटीने वाढते, कारण पॉलिएथिलीनच्या टँकला गोंद धरत नाही.

आता फ्लँजचे चेहरे साफ. जुन्या रबराचा पापुद्रा, कागद, खडे हे सगळं प्लॅस्टिकच्याच खरवडणीने. धातूने ओरखडलात तर ती रेघ पुढे कायमची गळते. फ्लँजच्या कडेला केसासारखी चीर दिसते का, टॉर्च तिरपा धरून बघा.

नवे सील बसवताना बहुतेकांचं घोडं पेंड खातं. सीलच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक बाजू फ्लँजच्या कडेवर बसते, दुसरी ओठासारखी, पात्याकडे. जुना सील कसा होता त्याचा फोटो समोर ठेवा. दोन्ही बाजूंना सिलिकोन ग्रीसचा पातळ हात. व्हॅसलीन, इंजिनचं ग्रीस, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही नको, खनिज तेलाने रबर फुगतं. नवा सांगाडा आत सरकवताना सीलचा ओठ दुमडतो, तुम्हाला दिसत नाही, आणि ‘नवाकोरा व्हॉल्व्ह पण गळतोय’ ही तक्रार तिथून जन्माला येते. युक्ती अशी: कागद ठेवायच्या पातळ प्लॅस्टिक फाइलमधून हातभर लांब दोन पट्ट्या कापा, ग्रीस लावा, सील आणि सांगाड्याच्या मधे धरून त्यांच्यावरून सांगाडा सरकवा, मग पट्ट्या हळूच ओढून घ्या. आरसा धरून पूर्ण गोलाई पाहा. सील चारही बाजूंनी सारखा डोकावायला हवा.

चारही बोल्ट हातानेच बसवा. मूठ पाच-सहा वेळा उघडबंद करा, पातं आपली जागा शोधतं. मग आवळणं, समोरासमोरचे, कोपऱ्याला कोपरा, प्रत्येकी अर्धा फेरा. दोन फ्लँजमधली फट चारही कोपऱ्यांत सारखी दिसली आणि मूठ एका हाताने सहज चालली की थांबा. ‘अजून थोडं, गळायला नको’ म्हणत जास्त पिळलं तर सील बाहेर फुगतो, पातं घासतं, नाहीतर फ्लँजचा कान तुटतो. टँक काठोकाठ भरला तरी फूटभर उंचीच्या पाण्याचा दाब अर्धा पीएसआयसुद्धा नसतो. इथे ताकदीचं काम नाही, सील सरळ बसला पाहिजे एवढंच.

---

चाकावरचं_बिऱ्हाड

अडलो. बोल्ट निघाले, पण दोन फ्लँजमध्ये जागाच होत नाही. टँककडचा अर्थातच हलत नाही, आणि तोंडाकडचा पाइप चौकटीतून आरपार गेलाय, ग्रेचा पाइपही त्यालाच टी जोडाने मिळतो. जुना सांगाडा अर्धा बाहेर आलाय. नवा सील न दुमडता आत जाईल असं वाटत नाही. पाचर मारू का?

---

पोटाखालचा_कारागीर

पाचर मारू नका. आधी त्या पाइपाचे पट्टे शोधा, चौकटीला स्क्रूने लटकवलेली लोखंडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. ते सगळे सोडा, ग्रेच्या बाजूचेही. पुष्कळदा तेवढ्याने तीन-चार मिलिमीटर मिळतात आणि काम होतं.

नाही मिळाले तर तोंडाकडचा पाइप कापून मधे रबरी जोड घालायचा. फर्न्को नावाने मिळतो, नळकामाच्या दुकानात, होम डेपोतही. तीन इंची एबीएस पाइपाचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच असतो, तेव्हा जोड ‘तीन इंची प्लॅस्टिक पाइपासाठी’ असाच मागा, ओतीव लोखंडासाठीचा नको. कापायची जागा: व्हॉल्व्हनंतर आणि टीच्या आधी, दोन्हीकडे जोड चढायला किमान दोन-दोन इंच सरळ पाइप उरेल अशी. हॅकसॉने काटकोनात कापा, कडेचे खरखरीत कंगोरे चाकूने खरवडा. जोड आधी पूर्ण एका तुकड्यावर सरकवून ठेवा, व्हॉल्व्ह बसवा, बोल्ट आवळा, आणि मगच जोड मधे आणून दोन्ही पट्ट्या आवळा. हा क्रम उलटा केला तर व्हॉल्व्हवर तिरका ताण राहतो.

फायदा पुढच्या वेळी. दोन पट्ट्या सोडल्या की पाइप बाजूला, आणि व्हॉल्व्ह अर्ध्या तासात बाहेर.

गोंदाची गरज पडलीच तर काळा एबीएस सिमेंट घ्या. पीव्हीसीचा गोंद एबीएसला नीट धरत नाही, वरून छान दिसतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो.

---

नेब्रास्काचा_नाना

बरं, मान्य, पाहुणा तो पाहुणाच. पण नव्या सीलसाठी कमोडमधून कपभर खायचं तेल ओतायचं, हे मला नेहमी सांगितलं जातं. त्याने सील मऊ राहतात ना?

---

मोहरी_तडतडली

नाना, तेल पाण्यावर तरंगतं. टँक सोडल्यावर ते शेवटी पात्यावरून जातं, म्हणून थोडा हात लागतो हे खरं. पण खायचं तेल टँकच्या भिंतीला चिकटून आंबट होतं, कागद त्याला लपेटून बसतो, आणि टँकच्या लेव्हल मोजणाऱ्या सेन्सरवर थर आला की ‘रिकामा’ टँकही ‘दोन तृतीयांश’ दाखवायला लागतो. ग्रेमध्ये जे घालू नका म्हणते तेच ब्लॅकमध्ये कशाला? त्यापेक्षा टँकच्या व्हॉल्व्हसाठीच मिळणारं वंगण घाला, किंवा व्हॉल्व्ह उघडा असताना बाहेर आलेल्या दांडीवर सिलिकोनचा स्प्रे मारून मूठ चार वेळा चालवा. दांडीच्या सीलला तेवढं पुरतं.

सील खरे मरतात ते कोरडे पडून. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर रिकाम्या टँकमध्ये गॅलनभर पाणी ठेवून जा. हिवाळ्यात पाण्याऐवजी गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ, प्रोपिलीन ग्लायकॉलचं, कमोडमधून एक-दोन क्वार्ट आणि प्रत्येक मोरीतून थोडं. ते पात्यावर येऊन बसतं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं नको, ते एथिलीन ग्लायकॉल, विषारी. आणि कडाक्याच्या थंडीत मूठ जागची हलत नसेल तर ओढाताण करू नका, पातं गोठलंय. हेअर ड्रायर लांबून, दहा-पंधरा मिनिटं.

---

पाना_पक्कड

कोरोप्लास्ट बंद करायची घाई करू नका, आधी चाचणी. टँकमध्ये पाच गॅलन स्वच्छ पाणी, दोन्ही सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, अर्धा तास थांबा. टिश्यूवर ठिपका दिसला तर त्या बाजूचे दोन बोल्ट पाव-पाव फेरा, जास्त नाही. मग टँक भरा, रात्रभर ठेवा, तोंडाला झाकण न लावता खाली तसराळं. सकाळी कोरडं असेल तर भरलेल्या टँकवर मूठ उघडा आणि दांडीकडे बघा.

तोंडात थेंब आहेत पण सांधे कोरडे, असं झालं तर सील दुमडलाय. आवळून सुटणार नाही, परत काढायचा.

आवरताना हत्यारं साबणाने धुऊन पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवा (हत्यारं, टँक नव्हे), जमिनीवर सांडलं असेल ते पेपर टॉवेलने टिपून पिशवीत. हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका, नोरोव्हायरसला अल्कोहोल फारसं जुमानत नाही.

पुढे वापरताना मुक्कामी सीवर जोडलेलं असलं तरी ब्लॅक व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टँक दोन तृतीयांश भरल्यावर सोडा. उघडा ठेवला की पाणी निघून जातं, कागद आणि मैला कमोडखाली ढिगारा करून बसतो, आणि तोच पुढे खाचेत येतो. आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे होजही धुतला जातो.

---

चाकावरचं_बिऱ्हाड

पट्टे सोडून जेमतेम दोन मिलिमीटर मिळाले, म्हणून पाइप कापून रबरी जोड टाकला. जुन्या सीलचा खालचा ओठ एका जागी फाटलेला निघाला आणि पात्यावर उभी रेघ, नख अडकतं. नवा व्हॉल्व्ह, फाइलच्या पट्ट्या वापरून. पाच गॅलनला टिश्यू कोरडा. पूर्ण टँक भरून रात्रभर: सांधे कोरडे, तोंड कोरडं, दांडी कोरडी. कोरोप्लास्टला अॅल्युमिनियमची पट्टी कुठल्या जाडीची घ्यावी?

---

पोटाखालचा_कारागीर

एक इंच रुंद, १/१६ इंच जाड पुरे. स्क्रू सहा-सहा इंचांवर, आणि खिडकीची पुढची कड, म्हणजे ट्रेलर चालताना वारा जिच्यावर येतो ती, मूळ पत्र्याच्या वर सरकवा, खाली नको.